शेजारच्या हौदातले मासे

माझे गप्पी मासे शेजारच्या प्लॉटवाल्यांनी मातीत ओतले, त्याचा राग अजून गेलेला नाही. घरात हा विषय निघाला की हे पेपर घेऊन ओट्यावर जातात आणि मुलगी हसते. "आई, मासे फुकट मिळतात, परत आण ना." मिळतात फुकट. म्हणून काय झालं?

आमचं घर तळोद्यात, जरा नव्या वस्तीत. पुढे रस्ता, मागे परस. परसात शेवगा, कढीपत्ता, केळीची खुंटं, भांडी घासायचा ओटा आणि त्या पाण्यावर वाढणारा अळूचा वाफा. मागच्या भिंतीपलीकडे मोकळा प्लॉट, त्याच्याही पलीकडे शेतं, आणि आभाळ स्वच्छ असलं की उत्तरेला सातपुडा. तळोद्याला राहायचं म्हणजे मच्छरांशी ओळख असायचीच. सातपुड्याच्या पायथ्याचा हा सगळा पट्टा हिवतापाचा म्हणून पूर्वीपासून माहीत असलेला.

सासूबाई लहानपणचं सांगतात. डीडीटीची फवारणी करणारे लोक पाठीवर पंप घेऊन यायचे, घरातली भांडी-गोधड्या अंगणात काढायला लावायचे आणि भिंती पांढऱ्या करून जायचे. ते वळणावर दिसेनासे झाले की बायका शेणमाती कालवून भिंती पुन्हा सारवायच्या. भिंत पांढरी राहिली तर सणाला काय शोभा? औषध शेणाखाली गेलं आणि मच्छर निवांत त्यावर बसले. देशात १९५३ साली हिवताप नियंत्रणाची मोहीम सुरू झाली, १९५८ मध्ये तिचं निर्मूलन मोहिमेत रूपांतर झालं. स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला साडेसात कोटी लोक हिवतापाने आजारी पडत. १९६५ पर्यंत तो आकडा एक लाखाच्या आसपास आला. सगळ्यांना वाटलं, संपला. १९७६ मध्ये रुग्ण झाले ६४ लाख! मच्छरालाही डीडीटी पचायला लागलं होतं आणि सरकारही सुस्तावलं होतं. हे मी नंतर वाचलं, कारण मुलीला डेंग्यू झाल्यावर मला मच्छर सोडून दुसरं काही वाचवेना.

पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप आला. डोळ्यांच्या मागे ठणका, अंगावर बारीक पुरळ. प्लेटलेट्स उतरायला लागल्या तशी तिला गाडीत घालून हातोडा पुलावरून नंदुरबारला नेली. तापी दुथडी भरलेली होती, एरवी मी खिडकीतून बघत बसले असते. दवाखान्यात जो तो सल्ले देत होता. पपईच्या पानांचा रस पाजा, शेळीचं दूध द्या, किवी आणा. आमच्याकडे शहादा-तळोद्याला पपईचे मळेच्या मळे, त्यामुळे पानांचा ढीग घरी येऊन पडला. डॉक्टर मात्र एवढंच म्हणत राहिले की पाणी पाजत राहा, तापाला पॅरासिटामॉलच द्या, अ‍ॅस्पिरिन आणि दुखण्याच्या गोळ्या मनाने देऊ नका. मुलगी बरी झाली. रसाने की पाण्याने, यावर आमच्याकडे आजही दोन तट आहेत. मी पाण्याच्या बाजूची.

ती घरी आली आणि गल्लीत भांडण सुरू झालं ते गटारावरून. गटार तुंबलंय, म्हणून डेंग्यू आला, असं सगळ्यांचं ठाम मत. आरोग्यसेवक भाऊ तपासणीला आले तेव्हा सगळे त्यांना आधी गटारापाशीच घेऊन गेले. त्यांनी गटारात बघितलं आणि म्हणाले, "यातले चावतात, झोप मोडतात, पण डेंग्यूवाले हे नाहीत. डेंग्यूचा मच्छर तुमच्याआमच्यापेक्षा चोखंदळ. त्याला स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं. आणि तो दिवसा चावतो, सकाळी आणि ऊन उतरताना."

मग त्यांनी आमचं परस धुंडाळलं. नळाच्या पाण्याचा हौद, ड्रम, गच्चीवरची टाकी, कूलरचं तळ, कुंड्यांखालच्या ताटल्या. हौदावर झाकण होतं, ड्रमला फडकं बांधलेलं. केळीच्या आणि अळूच्या पानांच्या बेचक्यातही त्यांनी बॅटरी मारली. तिथे पाणी साठतं आणि मच्छर तेवढ्यातही अंडी घालतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आमच्याकडे काही सापडलं नाही. मग ते भिंतीपाशी टाचा उंचावून उभे राहिले आणि पलीकडे बघून म्हणाले, "हे कोणाचं?"

पलीकडच्या प्लॉटवर जोत्यापर्यंत बांधकाम येऊन थांबलेलं होतं. मालक बाहेरगावी, सुरतेकडे. विटा भिजवायला आणि बांधकामावर मारायला बांधलेला सिमेंटचा हौद तेवढा भरलेला. पाणी इतकं नितळ की बुडाची वाळू दिसत होती. भाऊंनी दोरीला डबा बांधून पाणी काढलं आणि पांढऱ्या वाटीत ओतलं. क्षणभर काहीच दिसलं नाही. मग वाटीत हालचाल सुरू झाली. राखाडी, केसाएवढ्या बारीक अळ्या, डोकं खाली आणि शेपटी पाण्याच्या वर टेकवून तिरप्या लटकलेल्या. त्यांनी वाटीवर हाताची सावली धरली, तर सगळ्या वळवळत बुडाशी गेल्या. काही अळ्या स्वल्पविरामासारख्या वाकलेल्या होत्या. ते कोष. "हे उद्या-परवा उडतील," भाऊ म्हणाले. माझ्या मुलीला आजारी पाडणारं ते एवढंसं बघून मला रागसुद्धा आला नाही, नुसतं बघत राहावंसं वाटलं.

मालकाला फोन केला. बोलणं गोड. "वहिनी, मी दिवाळीला येतोच आहे, करतो काहीतरी." मी म्हटलं, दिवाळी लांब आहे, आम्हीच रिकामा करतो. तर म्हणाले, नको, पाण्याच्या टँकरचे पैसे मोजलेत, आल्यावर काम सुरू करायचंय. "तुम्ही खिडक्यांना जाळ्या बसवून घ्या ना." सासूबाईंनी माझ्या हातातून फोन ओढला आणि आपल्या भाषेत विचारलं, "मच्छरे काय तुमले भाडं देतस का भाऊ?" पलीकडून फोन बंद.

तेव्हा भाऊंनीच मार्ग सांगितला. पाणी ओतायचं नसेल तर गप्पी सोडा. आरोग्य केंद्रांच्या आवारात टाकीत गप्पी पाळलेले असतात, तिथून मी बरणीभर मासे आणले. बोटाच्या पेराएवढे. माद्या फिकट, जरा जाड पोटाच्या, आणि नर त्यांच्याहून लहान पण शेपटीला रंग. मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे. अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात, त्यामुळे एकदा सोडले की वाढत राहतात. हे नदी-नाल्यात सोडू नयेत, तिथल्या मूळच्या माशांना त्रास होतो, असंही भाऊंनी बजावलं होतं. हौद बंदिस्त, म्हणून तिथे चालतील. बरणी आधी हौदाच्या पाण्यात तरंगत ठेवली, पाण्याचा गारवा सारखा झाल्यावर मग तिरपी केली.

त्यानंतर मी रोज सकाळी भिंतीशी बादली पालथी घालून तिच्यावर उभी राहून बघायचे. अळ्या कमी कमी होत दिसेनाशा झाल्या. मग एका सकाळी कडेच्या शेवाळापाशी सुईच्या टोकाएवढी पिल्लं दिसली. मुलीला हाक मारून दाखवली. डेंग्यूनंतर ती पहिल्यांदाच मनापासून हसली, असं मला वाटतं. ती म्हणते असं काही नव्हतं.

दिवाळीच्या सुमाराला, अस्तंब्याच्या यात्रेकरूंनी रस्ते भरलेले असताना, मालक आले. सोबत त्यांचे मेहुणे आणि दोन मजूर. मी फराळाचं ताट भरत होते. परसातून आवाज आला म्हणून गेले तर हौदाच्या बुडाचं बूच काढलेलं, उरलेलं पाणी मजूर घमेल्याने बाहेर फेकत होते, आणि माती चमचम करत होती. मासे. मी भिंतीवरूनच ओरडले, थांबा, बादली देते. मेहुणे वर बघून म्हणाले, "आमच्या मिळकतीत हात घालायची परवानगी कोणी दिली तुम्हाला? आज मासे सोडले, उद्या म्हशी बांधाल." मालक मध्ये पडले नाहीत. उलट समजुतीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, तुम्हाला हौद रिकामाच पाहिजे होता ना? घ्या, केला रिकामा."

हे वाक्य मी इतक्या वेळा मनात घोळवलंय की त्याला काय उत्तर द्यायला हवं होतं याची पंचवीस उत्तरं माझ्याकडे तयार आहेत. त्या दिवशी एकही सुचलं नाही. मुलीने चाळणी घेऊन भिंतीवरून उडी मारली, पण उन्हात माती तापलेली होती. दोन-चार वाचले असतील, ते आमच्या हौदात सोडले.

आणि मूर्खपणा पुढेच आहे. दोन-तीन दिवसांनी टँकर आला आणि तोच हौद पुन्हा काठोकाठ भरला. डेंग्यूचा मच्छर अंडी पाण्यावर सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटवतो. ती काळी टिंबं कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून नुसतं ओतून भागत नाही, कडा काथ्याने घासाव्या लागतात, आणि आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी ठेवायची ती त्यासाठीच, कारण अंड्यापासून उडणाऱ्या मच्छरापर्यंत आठ-दहा दिवसच लागतात. हौद कोणी घासला नव्हता. मासे नाहीत, कडेला अंडी तशीच, पाणी ताजं. आठवड्याच्या आत मी पुन्हा पालथ्या बादलीवर उभी होते आणि पुन्हा अळ्या लटकलेल्या होत्या. काम मात्र जोत्याच्या वर चार थर चढून परत थांबलं. मालक सुरतेला.

लोक म्हणतात, धुराची फवारणी करून घ्या. धुराने त्या घटकेला उडत असलेले मच्छर मरतात, पाण्यातल्या अळीला कळतसुद्धा नाही वर काय चाललंय. हे मला पक्कं माहीत आहे. तरी धुराची गाडी गल्लीत शिरली की मी खिडक्या उघडते आणि बरं वाटतं. संध्याकाळी सासूबाई गोवऱ्यांवर कडुनिंबाचा पाला टाकून धूर करतात, त्यालाही मी नाही म्हणत नाही, फक्त ज्याच्यासाठी करतोय तो मच्छर तेव्हा पोट भरून बसलेला असतो. त्यापेक्षा शौचालयाच्या टाकीच्या पाईपला वरून जाळी बांधा, तिथून निघणारे निदान कमी होतील. पण जाळीचा फोटो निघत नाही, धुराचा निघतो.

आता एक गोष्ट, जी ह्यांनाही पटत नाही. त्या प्लॉटवर घर पूर्ण व्हावं असं मला वाटत नाही. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, आणि रात्री त्या मोकळ्या प्लॉटवरून जो वारा परसात येतो त्यावर आम्ही खाटा टाकून झोपतो. घर उभं राहिलं की तो गेला. म्हणजे हौद नको, पण मोकळी जागा हवी. मालकाला हे कसं सांगणार?

तर ज्यांनी गावाकडे प्लॉट घेऊन ठेवलेत आणि स्वतः सुरत, पुणे, नाशिकला राहतात, त्यांना माझं मागणं आहे. काम थांबवून जाताना हौदाचं बूच काढून सोबत घेऊन जा. पाणी ठेवायचंच असेल तर फाटकाची किल्ली शेजाऱ्याकडे द्या, आणि त्याने आत मासे सोडले तर राहू द्या.