दुर्बीण की डबी?

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीबद्दल विचारणारा माणूस बहुधा उत्तर ठरवूनच येतो. एकाला दुर्बीण घालून सोक्षमोक्ष लावायचा असतो, दुसरा म्हणतो, "डॉक्टर, नळीचं तेवढं नाव काढू नका." मी दोघांनाही आधी विचारतो, शौचावाटे रक्त पडतं का? "पडतं अधूनमधून, जुनी मूळव्याध आहे." पन्नाशीच्या माणसाने असं म्हटलं की निवडीचा प्रश्नच मिटतो. स्क्रीनिंग हे काहीच त्रास नसलेल्यांसाठी. याला शौचाच्या चाचणीची डबी देणं म्हणजे वेळ दवडणं; दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपीच हवी.

पुढची चौकशी घरच्यांची. आई-वडील किंवा सख्खं भावंड यांपैकी कुणाला साठीच्या आत हा आजार झाला असेल, तर चाळिशीपासून किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून, जे आधी येईल तेव्हापासून, कोलोनोस्कोपी. पण आपल्याकडे "त्यांना पोटाचं काहीतरी होतं" यापुढे माहिती जात नाही. मग मी तिथल्या तिथे गावी काकांना फोन लावायला सांगतो.

उरलेल्यांसाठी, म्हणजे पंचेचाळिशी ओलांडलेल्या धडधाकट माणसांसाठी, मी फिटकडे, म्हणजे शौचातलं न दिसणारं रक्त शोधणाऱ्या त्या डबीच्या चाचणीकडे झुकतो. खाचा असलेली काडी शौचावरून चार-पाच ठिकाणी फिरवायची आणि बाटलीत घट्ट बसवायची. पथ्य नाही, चाचणी माणसाचंच हिमोग्लोबिन ओळखते, आदल्या दिवशीच्या मटणाने फसत नाही. मात्र ती दरवर्षी करायची. कोलोनोस्कोपी स्वच्छ आली तर दहा वर्षं सुटका, शिवाय पॉलिप दिसला तर बहुतेकदा त्याच वेळी काढता येतो. पण त्याआधी लिटरच्या हिशेबाने खारट औषध पिऊन संडासच्या वाऱ्या आल्या. एकट्या राहणाऱ्या, गुडघे धरलेल्या काकूंना हे सांगताना माझीच जीभ अडखळते. फिट आणि कोलोनोस्कोपी यांची तुलना करणाऱ्या स्पेनमधल्या मोठ्या अभ्यासाचे दहा वर्षांचे निकाल २०२५ साली आले. फिटसाठी बोलावलेल्या गटात जास्त लोक तपासणीला आले आणि या कॅन्सरचे मृत्यू दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले.

खरी अडचण येते फिट पॉझिटिव्ह आल्यावर. "मूळव्याधीमुळे असेल, पुन्हा एकदा करून बघू." नाही! दुसऱ्यांदा निगेटिव्ह आली म्हणून पहिलं रक्त खोटं ठरत नाही. म्हणून डबी हातात देण्याआधीच मी कबूल करून घेतो की पॉझिटिव्ह आली तर कोलोनोस्कोपी करायची. ज्याची त्यासाठी तयारी नाही, त्याला मी डबी देत नाही.