न्यूट्रल गेला तेव्हा

१४ मे, रात्री

वळवाने आज देवरुखला झोडपलं. दुपारी चारनंतर वारा सुटला, मागच्या आंब्याची फांदी तारांवर आली आणि दुकानातला पंखा असा गरगरायला लागला की टेबलावरची प्रुफं उडाली. ट्यूब पांढरीफटक. समोरच्या मेडिकलमध्ये मात्र बल्ब मिणमिणत होता. मी मेन स्विच पाडेपर्यंत कॉम्प्युटर बंद पडलेला आणि टेबलाखाली जळका वास. यूपीएस बॅटरी बदलायला दिलाय, त्यामुळे सगळी भिस्त स्पाइक गार्डवर होती.

"वीज पडली, ताई," मेडिकलवाले काका म्हणाले. मला पटलं नाही. विजेचा झटका येतो नि जातो, पंखा गरगरत राहत नाही. आमच्याकडे दाब वाढलेला आणि त्यांच्याकडे घटलेला, हे लक्षण न्यूट्रल सुटल्याचं. डीपीवरून तीन फेज येतात, घरं-दुकानं त्यांच्यावर वाटलेली असतात. न्यूट्रल शाबूत आहे तोवर प्रत्येकाला २३० व्होल्ट. तो सुटला की दोन फेजमधले चारशेच्या घरातले व्होल्ट दोघांत वाटले जातात, आणि ज्याचा भार कमी त्याच्या वाट्याला जास्त येतात. काकांकडे औषधांचे दोन फ्रीज. माझ्याकडे एक पंखा, एक ट्यूब, एक कॉम्प्युटर.

१५ मे

सकाळी वायरमन खांबावर चढला. "न्यूट्रलचा जंपर सुटला होता, ताई. नशीब तुम्ही मेन पाडलात."

प्लगमध्ये टेबललॅम्प लावून पाहिला, उजळला. (नुसता टेस्टर पेटला म्हणून काही सिद्ध होत नाही. टेस्टर फेज सांगतो, न्यूट्रलबद्दल अवाक्षर काढत नाही.) मॉनिटरचा दिवा लागतो. ज्याला सगळे सीपीयू म्हणतात तो डबा मात्र ढिम्म. बीप नाही, पंखा नाही, आतला बोर्डावरचा बारका हिरवा दिवाही नाही.

स्पाइक गार्ड उघडला. आत चपट्या निळ्या टिकलीसारखा व्हॅरिस्टर असतो, तो मधोमध फुटून काळा पडलेला. त्यावरचं ४७१ अजून वाचता येत होतं. साधारण तीनशे व्होल्टपर्यंतचा एसी तो कायम सोसतो. त्यावरचा क्षणभराचा झटका अंगावर घेतो, पण मिनिटभर साडेतीनशे आले तर स्वतः जळतो आणि पुढचा रस्ता मोकळा. डब्यावर मोठ्या अक्षरात 'संपूर्ण सुरक्षा' छापलंय. छापण्याचाच धंदा करते, त्यामुळे छापलेल्यावर किती विश्वास ठेवायचा ते मला कळतं.

रत्नागिरीच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. न बघताच म्हणाला, "बोर्ड गेला असणार. नवीनच घ्या." नवीन घ्यायला हरकत नाही, पण माझं पेजमेकर आणि मराठी फॉन्टचं डोंगल या जुन्या मशीनवर बसलेलं आहे, आणि रविवारी एक लग्नपत्रिका द्यायची आहे. पत्रिकेत 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' या ओळीखाली दोन नातवंडांची नावं वाढवायची, एवढंच काम उरलेलं.

१६ मे

भाचा मल्टिमीटर घेऊन आला. आयटीआय झालाय, हात स्वच्छ आहे. वायर काढली, पॉवरचं बटण दाबून धरलं, म्हणजे आत साठलेली वीज जमेल तेवढी उतरते. मग एसएमपीएसचा, म्हणजे डब्यातल्या वीज पुरवणाऱ्या पेटीचा, चोवीस पिनांचा मोठा कनेक्टर बोर्डापासून सोडवला. वायर पुन्हा लावून जांभळ्या आणि काळ्या तारेत मीटर धरला. मशीन बंद असलं तरी इथे पाच व्होल्ट असायलाच हवेत. शून्य. मग हिरवी आणि काळी यांच्यात पेपरक्लिप अडकवली. एसएमपीएस जिवंत असेल तर एवढ्यावर त्याचा पंखा फिरतो. हलला नाही.

"आत्या, हा गेला. पण बोर्डाचं अजून काहीच कळलं नाही," तो म्हणाला. मला हेच ऐकायचं होतं. एसएमपीएस मेला म्हणजे बोर्ड मेला असं नव्हे. पुष्कळदा तो स्वतः मरून मागच्यांना वाचवतो.

संध्याकाळी बाजारपेठेतल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्यांनी तो उघडला. त्यांचं त्यांना जमतं. घरी कुणी उघडू नये, कारण २३० व्होल्ट एसीचे आत सव्वातीनशे डीसी होऊन कॅपॅसिटरमध्ये बसलेले असतात. दोन मोठे कॅपॅसिटर, प्रत्येकावर २०० व्होल्ट लिहिलेलं. एकापाठोपाठ एक जोडलेले, म्हणून दोघांची मिळून मर्यादा चारशे. एरवी सव्वातीनशे म्हणजे आरामात. पण एसी साडेतीनशे झाला की आतले डीसी पाचशेच्या जवळ जातात. एकाची वरची पत्र्याची टोपी फुगून वर आलेली, कडेने तपकिरी चिकट ओघळ. फ्यूजच्या काचेला आतून काजळी. "नुसता फ्यूज बदलून बघू?" मी विचारलं. "फ्यूज कारण नाही ताई, तो पंचनामा आहे," ते म्हणाले. मागचा ट्रान्झिस्टर शॉर्ट होता. नवा फ्यूजही लावल्या लावल्या गेला असता.

१७ मे

भाच्याच्या मित्राकडून एसएमपीएस उसना आणला. पंखे फिरले आणि लांब लांब बीप. रॅम काढली, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासल्या, पुन्हा खटकन बसवली. स्क्रीन आली! तारीख २००९ दाखवत होती. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, म्हातारा झालाय. त्याचा त्या दिवशीच्या भानगडीशी संबंध नाही.

आधी सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या, मगच बाकीचं. डोंगल चाललं. नेटची वायर लावायची जागा मात्र मेली आहे.

१८ मे, रविवार

पत्रिका गेली. दोन्ही नातवंडांची नावं आली.

दुपारी अर्थिंग तपासलं. फेज आणि अर्थ यांच्यात न्यूट्रलइतकेच व्होल्ट यायला हवेत. मीटर दीडशेच्या आसपास डोलत होता. इथला जांभा उन्हाळ्यात कोरडाठाक, खड्ड्यातलं मीठ-कोळसा कधीच धुऊन गेलेलं. चार बादल्या पाणी ओतल्यावर आकडा चढला. अर्थिंग नीट हवंच, शॉक लागू नये म्हणून आणि खरोखरची वीज आली तर. पण न्यूट्रल तुटल्यावर ते यंत्र वाचवत नाही, हे कालपासून मी गिऱ्हाइकांनाही सांगते आहे. त्याला व्होल्टेज मर्यादेबाहेर जाताच लाइन तोडणारा कट-ऑफ लागतो, आणि तो मीटरनंतर लगेच बसवायचा असतो.

इलेक्ट्रिशियन उद्या येतोय. नवीन एसएमपीएस बाराशेला मिळाला. स्पाइक गार्ड नवा घेणार आहे, पण कट-ऑफ बसल्यावर.