चार कोपऱ्यांची फुले

गोधडी ही विकत घेण्याची वस्तू नव्हे, असे वसईच्या वाड्यांतून परवापरवापर्यंत मानले जाई. आता दुकानातून हलक्या रजया मिळतात. त्या धुण्यास सोप्या आणि वाळण्यास लवकर. तरीही ट्रंकेच्या तळाशी एखादी जुनी गोधडी नाही, असे घर आमच्या गावात क्वचितच सापडेल. आमच्या घरी मात्र होती ती अपुरी गोधडी. यंदाच्या मार्चमध्ये आम्ही दोघी जावांनी ती पुरी केली आणि त्याच आठवड्यात अंगणातल्या मोगऱ्याला पहिला बहर आला.

सासूबाई २०२३च्या पावसाळ्यात देवाघरी गेल्या. त्यांच्या मागे कपाट आवरताना एका पिशवीत ही गोधडी निघाली. कडेने चार फेरे टाके घातलेले, मधला भाग मोकळा, आणि सुई शेवटच्या टाक्यापाशी तशीच खोवलेली. त्याच वर्षी घराची वाटणी झाली. भावाभावांत भांडण झाले नाही. बोलणे तेवढे कमी झाले. एका ओटीला दोन दारे आली, स्वयंपाकघरे दोन झाली, विजेचे मीटर दोन झाले. विहीर थोरल्यांच्या वाट्याला गेली, मोगऱ्याचा वाफा धाकट्यांच्या. भांडीकुंडी मोजून वाटता आली. गोधडी तेवढी राहिली. कुणी सुचवले, मधोमध कापा, दोन लहान होतील. कुणी म्हणाले, अपुरे काम घरात ठेवू नये, चिंध्यांत टाकून द्या. आम्हाला यांतले काहीच पटेना आणि तिसरा मार्ग सुचेना. पिशवी दोन वर्षे माळ्यावर पडून राहिली.

मोगऱ्याचे एक बरे असते. त्याला आपले वेळापत्रक पाळावेच लागते. पावसाळा सरला की काही दिवस पाणी तोडायचे, झाडाला ताण द्यायचा. मग छाटणी करून शेणखत घालायचे आणि पुन्हा पाणी सुरू करायचे. हे सारे वेळेवर झाले तरच फेब्रुवारी-मार्चपासून कळ्या धरतात आणि पावसाच्या तोंडापर्यंत फुलत राहतात. वाफा एकीकडचा आणि पाणी दुसरीकडचे, म्हणून गेल्या जानेवारीत आम्हा दोघींना रोज एकत्र उभे राहणे भाग पडले. छाटणी आटोपल्यावर दुपारी काय करायचे, असा विषय निघाला आणि माळ्यावरची पिशवी खाली आली.

गोधडीचे शिवण अवघड नसते, चिकाटीचे असते. जुनी लुगडी एकावर एक पसरून थर करायचे, वर तुकड्यांची मांडणी करायची आणि साध्या धावदोऱ्याने कडेपासून आत आत जायचे. प्रत्येक फेरा मागच्या फेऱ्याला समांतर. थर सरकू नयेत म्हणून आधी मोठे कच्चे टाके घालावे लागतात. सहा-सात पदरांतून सुई आरपार काढताना अंगुस्तानाशिवाय बोटाचा निभाव लागत नाही. आम्ही देवचाफ्याच्या सावलीत चटई टाकून समोरासमोर बसलो. एकीचा टाका लहान आणि घट्ट, दुसरीचा लांब आणि सैल. पहिल्या दिवशी दोघींनाही ते खटकले. आठवडाभराने त्याकडे लक्ष जाईनासे झाले.

तुकडे ओळखण्यातच कितीतरी वेळ जाई. सासूबाईंचे तांबडे लुगडे, दोन्ही भावांच्या शाळेच्या खाकी चड्ड्या, नणंदेच्या पहिल्या कम्युनियनच्या फ्रॉकचा पिवळसर पडलेला पांढरा तुकडा, खिडकीचा फुलाफुलांचा पडदा. खाकीचे दोन तुकडे त्यांनी शेजारी शेजारी लावले होते. त्यांतला थोरल्यांचा कोणता आणि धाकट्यांचा कोणता, हे आम्हाला शेवटपर्यंत सांगता आले नाही.

याच सुमारास एका लेखात सिद्दी भगिनींच्या गोधडीविषयी वाचायला मिळाले. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचे हे वंशज कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर, हल्याळ आणि मुंडगोड या भागांत राहतात. पोर्तुगीज काळात त्यांच्यातील अनेकांचे पूर्वज गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले आणि तेथून निसटून घाटावरच्या रानात स्थिरावले. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि कॅथलिक अशी तिन्ही धर्मांची कुटुंबे आहेत. तिथल्या बायकाही कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने मध्याकडे शिवत येतात. गोधडीला त्या ‘कवंदी’ म्हणतात. तिच्या चारही कोपऱ्यांना घडीचे त्रिकोणी तुकडे लावतात आणि त्यांना ‘फुले’ म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडीनागडी दिसते, अशी त्यांची समजूत आहे. आम्ही आमच्या गोधडीचे कोपरे पाहिले. ते साधेच होते. उरलेल्या पडद्याच्या कापडाचे चार त्रिकोण आम्ही घडी घालून तेथे बसवले. एवढीच आमची स्वतःची भर.

शिवता शिवता मान वर केली की समोर बाग. वसंतातली आमची बाग म्हणजेही एक ठिगळकामच आहे. ज्याच्या सावलीत आम्ही बसत होतो तो देवचाफा मूळचा अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला. गुलबक्षीही त्याच खंडाची. दुपार कलली की ती उमलू लागते आणि आम्ही सुई खोवून उठतो. कुंपणावरची बोगनवेल ब्राझीलची. १७६६ ते १७६९ या वर्षांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या बूगँव्हील या फ्रेंच दर्यावर्द्याचे नाव तिने घेतले. झेंडू मेक्सिकोचा. सदाफुली मादागास्करची, तिच्यातून काढलेले औषध रक्ताच्या कर्करोगावर दिले जाते. मोगरा आणि जास्वंद तेवढी आपल्या आशियाची. इतक्या ठिकाणांहून आलेली ही मंडळी एका विहिरीच्या पाण्यावर वाढतात. कोणाला उपरे म्हणावे?

मार्चमधल्या एका दुपारी मधला शेवटचा फेरा पुरा झाला. सासूबाईंची सुई आम्ही तोवर वापरली नव्हती. शेवटची गाठ तिनेच मारली. मग गोधडी उन्हात पसरली आणि मालकीचा प्रश्न पुन्हा समोर आला. या वेळी उत्तर सोपे वाटले: ज्या घरी आजारी, बाळंतीण किंवा पाहुणा असेल, त्या घरी ती जाईल.

पंधरा दिवसांतच थोरल्यांना ताप भरला. गोधडी तेव्हा धाकट्यांकडे होती. आम्ही ती न्यायला निघालो, तोच धाकट्यांनी आमच्या हातून घेतली आणि स्वतः पलीकडे गेले. अर्धा तास ते तिकडे बसून होते. काय बोलणे झाले, ते आम्ही विचारले नाही.

वाड्याच्या मधून भिंत घालण्यासाठी आणलेल्या विटा फणसाखाली रचलेल्या आहेत. पावसाळ्यापूर्वी भिंत उभी राहील की नाही, सांगता येत नाही. तूर्तास वाफ्याला पाणी रोज मिळते आहे. पहाटे कळ्या खुडून आम्ही दोघी त्या दोन परड्यांत घालतो. मोजत मात्र नाही.