एक एन्कोडर, दोन उपकरणं

एन्कोडर मोटरच्या शाफ्टचं फिरणं पल्समध्ये सांगतो. १०२४ पल्सच्या एन्कोडरवर ए आणि बी या दोन्ही वाहिन्यांच्या सगळ्या कडा मोजल्या, तर एका फेऱ्यात ४०९६ नोंदी मिळतात. ए पुढे की बी, यावरून दिशा कळते. गोंदियातल्या एखाद्या राईस मिलमध्ये पट्ट्याच्या मोटरवर असा एन्कोडर असला, तर ड्राइव्हला त्यातून वेग हवा असतो आणि पीएलसीला अंतर. दुसऱ्या एन्कोडरसाठी शाफ्टचं टोक मोकळं असेलच असं नाही.

मग तारेला तार जोडण्याचा मोह होतो. आरएस-४२२ पद्धतीत एका प्रेषकावर दहा ग्राहक चालतात. पण तार एकाकडून दुसऱ्याकडे न्यावी लागते, आणि १२० ओहमचा रेझिस्टर फक्त शेवटच्या उपकरणात. दोन्हीकडे राहिला तर भार ६० ओहमचा होतो, सिग्नल खचतो, एखादी पल्स गळते. गळाल्याचा गाजावाजा होत नाही. पट्टा आणि पडद्यावरचा आकडा सावकाश एकमेकांपासून सरकत राहतात, आणि दोष भलत्याच भागावर जातो.

एन्कोडरला वीज एकाच उपकरणाने द्यावी. शून्य व्होल्टचा संदर्भ मात्र दोघांना सामाईक हवा. मोठ्या मोटरांच्या गर्दीत आयसोलेटेड स्प्लिटरच बरा: एका बाजूचा बिघाड दुसरीकडे सहसा पोचत नाही.