पांडाचे चराऊ रान

महाकाय पांडा जवळजवळ बांबूवरच जगतो, पण दिसेल त्या बांबूत तो चरत नाही. सिचुआन, शान्शी आणि गान्सू या चिनी प्रांतांतल्या डोंगरांत त्याला सौम्य उताराची, वर जुन्या झाडांचे छत्र असलेली जागा लागते. याचे मूळ पोटात आहे. आतडे मांसभक्षकाचे, आखूड. खाल्ल्यातले जेमतेम १७ टक्के अंगी लागते. दिवसाकाठी १२ ते ३८ किलो बांबू रिचवणाऱ्याला खड्या चढावर दमणे परवडत नाही. त्याच रानातला लाल पांडा मात्र तीव्र उतारावर, पडलेल्या ओंडक्यांवर चढून पाने खुडतो.

जागा ऋतूप्रमाणे बदलते. सिचुआनमधल्या वोलोंग अभयारण्यात वसंतात खालच्या अंगाच्या बांबूला कोंब फुटले की पांडे उतरून येतात. जाड कोंब तेवढा निवडायचा, दातांनी साल सोलायची आणि आतला गर खायचा. कोंब निबर झाले की ते पुन्हा वर जातात. शान्शीतल्या चिनलिंग डोंगरात याहून वेगळे: तिथले पांडे जूनच्या सुमारास उंचावर चढतात आणि शरदात खाली येतात.

बांबूचा फुलोरा हे मोठे संकट. एका जातीचा बांबू कित्येक दशकांनी एकदम फुलतो आणि वाळून जातो. १९७०च्या दशकात मिन पर्वतात असे झाले, तेव्हा किमान १३८ पांडे मेलेले आढळले. १९८३मध्ये वोलोंगच्या परिसरात पुन्हा फुलोरा आला आणि त्या धास्तीने पांडे पकडून आणण्याची मोहीम निघाली. प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शालर आणि हू जिन्चू तिथे आधीपासून पांडांचा अभ्यास करत होते. त्यांना दिसले की पांडे उपाशी मरत नव्हते; उरलासुरला हिरवा बांबू खात होते, दुसऱ्या जातीकडे वळत होते. तरी धडधाकट जनावरेही पिंजऱ्यात गेली. हा अन्याय होता, आणि शालर यांनी १९९३च्या ‘द लास्ट पांडा’ या पुस्तकात त्यावर कडक टीका केली. फुलोरा तर युगानुयुगे येतच होता. मिन पर्वतात तो जीवघेणा ठरला, कारण खालच्या दऱ्यांत शेती आणि जंगलतोड झाली नि पर्यायी बांबूची वाट तुटली.

तोडलेल्या रानात बांबू पुन्हा उगवतो, पण पांडा जुन्या जंगलालाच पसंती देतो. मादीला पिल्लासाठी जुन्या वृक्षाचे पोकळ खोडही उपयोगी पडते. १९९८च्या यांगत्से महापुरानंतर तोडबंदी आली. वोलोंगमध्ये मात्र मोकळे सोडलेले घोडे त्याच सौम्य उतारांवर, तोच बांबू खाऊ लागले होते.