पाया खणण्याआधी बसून केलेला हिशेब



लूककृत शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायात प्रभू येशू बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला देतो. शहाणा माणूस आधी खाली बसतो, खर्चाचा हिशेब करतो आणि मगच कामाला हात घालतो. नाहीतर पाया घालूनच पैसे संपतात आणि येणारे-जाणारे हसतात. प्रभूचा रोख शिष्यत्वाकडे होता हे आपण जाणतो. तरी दाखला त्याने बांधकामाचा घेतला. तो सुताराच्या घरात वाढलेला. अर्धवट राहिलेल्या भिंतींकडे पाहून घरधन्याला काय वाटते, हे त्याला कुणी सांगावे लागले नसेल.

आपल्याकडेही अशा भिंती आहेत. 2019च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा आणि दूधगंगा पात्राबाहेर आल्या, यमगर्णीजवळ पुणे-बेंगळूर महामार्गावर पाणी चढले. 2021च्या जुलैत पुन्हा तेच. नदीकाठच्या गावांत मातीची घरे बसली. 2019च्या पुरात पूर्ण पडलेल्या घरांसाठी कर्नाटक सरकारने 5 लाख रुपये जाहीर केले, आणि ते बांधकाम वर येईल तसे हप्त्याहप्त्याने मिळायचे होते. ऑक्टोबरात जपमाळेसाठी घरोघरी जाताना आम्ही उभी राहिलेली घरे पाहिली, तशी जोत्यावरच थांबलेलीही पाहिली. सळया गंजलेल्या आणि कुटुंब बाजूच्या पत्र्याच्या खोलीत.

आमच्या घराची मागची भिंतही त्याच पावसात बसली. दोन वर्षे भाड्याने राहून आम्ही नवरा-बायकोने वडिलांच्या 2 गुंठे जागेवर नवे घर बांधले. तेव्हा दहा ठिकाणी विचारून वहीत लिहिलेली माहिती आता पॅरिशमधले लोक आमच्याकडे मागतात. फादर म्हणाले, एकदा लिहूनच टाका. म्हणून हे लिहितो.

पहिली गोष्ट जागेची, म्हणजे खरे तर माणसांची. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना वारशासाठी भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 लागू होतो. बाप मृत्युपत्र न करता गेला तर एक तृतीयांश वाटा त्याच्या विधवेचा. उरलेले दोन तृतीयांश सगळ्या मुलांत सारखे. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही आणि लग्न होऊन गेलेली मुलगीही आली. आम्ही एक भाऊ, दोन बहिणी. 2 गुंठे म्हणजे 2178 चौरस फूट. त्यातले आईचे 726 आणि आम्हा तिघा भावंडांचे प्रत्येकी 484. ज्या जागेला आम्ही ‘आपली’ म्हणत होतो, तिचा मोठा भाग इतरांचा होता.

मोठी बहीण गडहिंग्लजची. ती म्हणाली, “मला काही नको रे, तुझं घर होऊ दे.” धाकटी खानापूरला असते, ती काहीच बोलली नाही. तिच्या नवऱ्याचे काम नुकतेच सुटले होते. आईने आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, “गप्प बसली म्हणजे सोडलं, असं नव्हं.” आम्ही धाकटीला तिच्या वाट्याचे दीड लाख रुपये द्यायचे ठरवले आणि त्यापायी नकाशातली एक खोली काढून टाकली. पैसे चेकने दिले. मग दोघी बहिणींनी सब-रजिस्ट्रारपुढे हक्कसोडपत्र करून दिले आणि त्यात रक्कम लिहिली गेली. आईचा वाटा आईच्याच नावावर ठेवला. बँकेने कर्जाच्या कागदावर तिचीही सही मागितली, एवढेच. आज धाकटी सणाला येते तेव्हा मोकळेपणाने येते. त्या खोलीच्या बदल्यात आम्हाला हे मिळाले.

दुसरी गोष्ट कागदाची. यिर्मया संदेष्ट्याने अनाथोथचे शेत विकत घेतले ती हकिकत त्याच्या पुस्तकाच्या 32व्या अध्यायात आहे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलेला, आणि संदेष्टा 17 शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, खरेदीखताची एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी ठेवतो आणि दोन्ही मातीच्या मडक्यात जपून ठेवायला सांगतो. देवावर एवढा भरवसा असलेल्या माणसाने कागदात कसूर केली नाही.

आपल्या भागात मात्र प्लॉट बाँड पेपरवर नोटरी करून घेतले-दिले जातात. नोंदणी कायदा, 1908 प्रमाणे 100 रुपये वा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदवावीच लागते. नुसत्या बाँडने मालकी येत नाही. शेतजमिनीचा तुकडा स्वस्त मिळतो, पण बिनशेती झाल्याशिवाय त्यावर घराचा परवाना मिळणे कठीण आणि बँकेचे कर्ज त्याहून कठीण. पंचायत हद्दीत असाल तर ई-स्वत्तूचा नमुना 9 आणि नमुना 11 अ मागा. जमिनीवर कर्जाचा बोजा आहे का, हे सब-रजिस्ट्रारकडच्या ईसीवरून कळते. ते शक्यतो 30 वर्षांचे काढा.

आपली आणखी एक अडचण आहे. हे सारे कागद कन्नडमध्ये असतात. आपल्यातले कितीतरी जण कन्नड बोलतात, पण दस्ताचे कन्नड वाचू शकत नाहीत, आणि एजंट बोट ठेवील तिथे सही करतात. सही करण्याआधी संपूर्ण दस्त कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. वाचणारा ना विकणाऱ्याचा असावा, ना एजंटचा. पॅरिशमधली कन्नड शाळेत शिकलेली मुले-मुली हे काम आनंदाने करतात. चतु:सीमा, गट नंबर, क्षेत्रफळ आणि नावाचे स्पेलिंग एवढे तरी त्यांच्याकडून तपासून घ्या.

तिसरी गोष्ट पायाची. मत्तयाने खडकावरच्या घराचा दाखला दिला, तसा लूकनेही दिला. पण लूक एक जास्तीची गोष्ट सांगतो: त्या माणसाने खोल खणले. खडक त्याला वरच सापडला नव्हता. निपाणीच्या काळ्या रानात हे अगदी खरे आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पाडते, आणि तिच्यावर टेकलेला पाया तिच्याबरोबर हलतो. भिंतीला तिरक्या चिरा पडतात त्या बऱ्याचदा यामुळे. म्हणून काळी माती संपून घट्ट मुरूम लागेपर्यंत खणायचे आणि जोत्यात भरावही मुरमाचाच घालायचा. नदीकाठी असाल तर 2019 आणि 2021 सालचे पाणी कुठवर आले होते ते शेजारच्या भिंतीवर पाहा आणि जोते त्याच्या वर घ्या. मातीखाली जाणाऱ्या पैशाचे कुणी कौतुक करत नाही, म्हणून काटकसर तिथेच करावीशी वाटते. ती दुसरीकडे करा.

कुठे करायची, याचे उत्तर लॉरी बेकर यांच्याकडे मिळते. बर्मिंगहॅमला जन्मलेले हे क्वेकर पंथाचे ख्रिस्ती वास्तुशिल्पकार 1945 साली कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी भारतात आले आणि पुढे केरळात त्यांनी साध्या माणसांची घरे बांधली. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावून भिंतीच्या आत पोकळी ठेवायची रीत त्यांनी रुजवली. तिच्यात सुमारे चौथा हिस्सा विटा वाचतात, आणि पोकळीमुळे घर थंड राहते. जिथे गरज नाही तिथे ते गिलावा करत नसत. आम्हाला त्या रीतीचा गवंडी मिळाला नाही. पण खानापूरकडचा जांभा चिरा वापरून आम्ही बाहेरून गिलावा न करता नुसत्या दर्जा भरून घेतल्या, आणि तेवढे पैसे पायात घातले.

चौथी गोष्ट पैशाची. वहीच्या पहिल्या पानावर आम्ही हात लावायचा नाही ते पैसे लिहिले: मुलीची नर्सिंगची फी, आईची औषधे आणि सहा महिन्यांचा घरखर्च. घर त्यानंतर. 600 चौरस फुटांच्या बांधकामाचा अंदाज 10 लाख 20 हजार निघाला. पण अंदाजात शौचालयाची टाकी नसते, हेस्कॉमचे मीटर नसते, नकाशा-परवाना नसतो, खिडक्यांच्या जाळ्याही नसतात. त्याचे 1 लाख 60 हजार धरले. अडीअडचणीला 1 लाख 20 हजार आणि बहिणीचे दीड लाख. बेरीज साडेचौदा लाख. साठवलेले साडेसहा होते, म्हणून कर्ज 8 लाखांचे घेतले.

कर्जाची मुदत ठरवताना नुसता हप्ता पाहू नका. व्याज साडेआठ टक्के धरले, तर 8 लाखांना 20 वर्षांचा हप्ता सुमारे 6,940 रुपये पडतो, 15 वर्षांचा सुमारे 7,880. फरक महिन्याला साडेनऊशेच्या आत, पण 20 वर्षांत सुमारे 2 लाख 48 हजार रुपये जास्त भरावे लागतात. व्याजदर बदलता असेल तर कर्ज लवकर फेडण्याबद्दल बँक दंड लावू शकत नाही; म्हणून बोनस आला, पीक चांगले आले, की थोडे मुद्दल फेडून टाका. शेकडा 3 रुपये महिन्याने उचललेले पैसे म्हणजे वर्षाला 36 टक्के. स्लॅबसाठी असे पैसे उचललेली घरे विकताना आम्ही पाहिली आहेत. आणि घरासाठी साठवलेला पैसा कुठे ठेवला आहे तेही पाहा. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, सहकारी बँकेतल्याही. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसते.

पाचवी गोष्ट बटवड्याची. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, असे लेवीय पुस्तकाचे 19वे प्रकरण सांगते. शेजाऱ्याला फुकट राबवून घर बांधणाऱ्याला यिर्मयाने 22व्या अध्यायात खडसावले आहे. म्हणून स्लॅब टाकण्याआधी त्या आठवड्याचा बटवडा वेगळ्या पाकिटात ठेवा. बँकेचा हप्ता यायला उशीर झाला, तर काम आठवडाभर थांबू द्या, पण झालेल्या कामाचे पैसे थांबवू नका. बिगारी बायका बाजारच्या दिवशी आठवड्याचा किराणा भरतात. आपली सबब त्यांना दुकानदाराला सांगता येत नाही. आणखी एक मदत फुकटात करता येते. कर्नाटकच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव नोंदवायला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आपल्याकडे जितके दिवस काम झाले तितक्यांची सही गवंड्याला, बिगाऱ्याला द्यायला विसरू नका.

शेवटची गोष्ट कठड्याची. अनुवादाच्या पुस्तकात, 22व्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्यासाठी एक नियम आहे: गच्चीला कठडा घाल, म्हणजे कुणी पडले तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही. पैसे संपत आले की सगळ्यात आधी कठडा राहून जातो, ‘पुढच्या वर्षी करू’ म्हणून. आणि त्याच गच्चीवर आपण मिरच्या वाळत घालतो, मुले पतंग उडवतात, उन्हाळ्यात पाहुणे झोपतात. किमान एक मीटर उंच कठडा पहिल्या अंदाजातच धरा. रंग राहिला तरी चालेल.

या सगळ्या गोष्टी वेगवेगळ्या दिसतात, पण वहीची पाने चाळताना आम्हाला त्यांत एकच प्रश्न दिसतो: आपल्या या घरापायी कुणाचे काही कमी तर होत नाही ना? बहिणीचा वाटा, मजुराचा बटवडा, मुलीची फी, गच्चीवर खेळणारे शेजारचे लेकरू. परमेश्वराने घर बांधले नाही तर बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ आहेत, हे आपण 127व्या स्तोत्रातून शिकलो. परमेश्वर घर बांधतो म्हणजे काय, हे आम्हाला थोडेफार या प्रश्नाच्या उत्तरातून कळले.

तुमच्यापैकी कुणी यंदा पाया खणणार असेल, तर रविवारच्या मिस्सानंतर भेटा. वही आमच्याकडे आहे, बसून हिशेब करू. आणि ज्यांचे घर जोत्यावर थांबले आहे, त्यांनी लाजून चर्चला येणे सोडू नये. त्या दाखल्यात हसणारे वाटसरू आहेत. आपण ते व्हायचे नाही. हे प्रभू, ज्यांना अजून छप्पर नाही त्यांना छप्पर दे, आणि ज्यांना दिलेस त्यांच्या दारात दुसऱ्यासाठी जागा ठेव. आमेन.