दूरची लेन्स आणि गोठ्यातली कालवड

उजनीच्या पाण्यावर, भिगवणच्या बाजूला, माझा पुतण्या पाहुण्यांना नावेतून पक्षी दाखवतो. रोहित पक्ष्यांचे थवे उतरले की त्याचे चार महिने बरे जातात. त्याच्याकडे कॅननचा आर-१० कॅमेरा आहे. हा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, त्यामुळे हलका. त्याला लांबचं टिपणारी लेन्स हवी होती आणि त्यासाठी कालवड विकायचा त्याचा विचार होता. कालवड म्हणजे घरची उद्याची दुभती गाय. वहिनींनी दोन दिवस अबोला धरला.

मी म्हटलं, "बाबा, बैल घेताना आपण दात बघतो, चार पावलं चालवून बघतो. लेन्सही तशीच बघू." मग दोन लेन्स दोन दिवसांसाठी भाड्याने आणल्या. दोन्ही कॅननच्याच. एक १०० ते ४०० मिलिमीटरची, २०२१ साली निघालेली, वजन अवघं ६३५ ग्रॅम. दुसरी २०० ते ८०० ची, २०२३ सालची, वजन २ किलो ५० ग्रॅम. किंमत पहिलीच्या तिपटीच्या आसपास.

मोठीचा गुण आधी सांगतो. ८०० वर पक्षी ४०० च्या दुप्पट मोठा दिसतो. म्हणजे तेवढंच चित्र मिळवायला नाव दुप्पट लांब उभी केली तरी चालते. शिवाय धूळ आणि पाण्याचे तुषार अंगावर आले तरी ती दाद देत नाही. धाकटीला नावेत जपावं लागतं.

आता दुसरी बाजू. डुलत्या नावेत दोन किलोंचं ओझं हातावर तोलून धरणं सोपं नाही. अर्ध्या तासात पोराचे दंड भरून आले. पूर्ण लांबवल्यावर एकीचं तोंड एफ/८ पर्यंत उघडतं, दुसरीचं एफ/९ पर्यंत. आकडा मोठा तेवढा उजेड कमी. म्हणजे झुंजुमुंजू वेळी दोघींचीही ओढाताणच. फोटोत बारीक रवा दिसतो. आणि ऊन चढलं की पाण्यावर झळा नाचू लागतात. तेव्हा लांबचा पक्षी कितीही मोठा केला तरी कडा विरघळल्यासारख्याच येतात. त्याला पैसा उपाय नाही.

धाकटीने मात्र एक काम असं केलं, की माझं मन वळलं. मक्याच्या पोंग्यातल्या अळीचा फोटो तिने तीन फुटांवरून घेतला. डोक्यावरची इंग्रजी वायची उलटी खूण स्वच्छ दिसली. लष्करी अळी! घरची लेन्स शेतालाही उपयोगी पडली.

पुतण्या म्हणाला, "काका, पण लांबच्या थव्याचं काय?" मी विचारलं, "वर्षातून चार दिवस लागणारा ट्रॅक्टर आपण विकत घेतो, की भाड्याने आणतो?" तो हसला. पाहुण्यांची गर्दी असेल तेव्हा मोठी भाड्याने आणायची, धाकटी घरची घ्यायची, असं ठरलं. तेवढे पैसे कालवड न विकता उभे राहिले.

एक अट मात्र मी घातली. धाकटी लेन्स हाती असली की नाव आणखी पुढे न्यायचा मोह होतो. पाहुणेही आग्रह करतात. नाव जवळ गेली की चरणारा थवा उठतो, आणि रोज उठवलेला थवा जागा सोडतो. फोटोत पक्षी लहान आला तर येऊ द्यावा. तो पुढच्या वर्षी पुन्हा उतरला पाहिजे, कारण नाव त्याच्याच जिवावर चालते.